दोन याद्यांच्या मधले गाव

आज १८ एप्रिल, जागतिक वारसा दिन. स्मारकांच्या संवर्धनासाठी काम करणाऱ्या ‘इकोमॉस’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८२ मध्ये हा दिवस सुचवला आणि पुढच्याच वर्षी युनेस्कोने त्याला मान्यता दिली. एरवी पुरातत्त्व खाते आणि चार हौशी संस्था यांच्यापुरता राहणारा हा दिवस महाराष्ट्रात यंदा जरा मोठा झाला आहे आणि त्याला कारणही तसेच आहे. जागतिक वारसा समितीच्या पॅरिस येथील अधिवेशनात ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत दाखल झाले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगड ही नावे मराठी माणसाला कोणत्याही यादीशिवाय पाठ आहेत. पण जगाने ती लिहून घेतली याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. त्या नोंदीनंतरचा हा पहिला वारसा दिन. आजच्या हारतुऱ्यांना आणि भाषणांना कोणी नावे ठेवू नयेत.

मात्र आणखी एका यादीची आठवण आजच करून द्यायला हवी. ती निघायला अजून थोडा अवधी आहे. मे महिना उजाडला, वळवाचा पहिला शिडकावा झाला की गावोगावच्या नगरपालिका जाग्या होतात आणि धोकादायक इमारतींची यादी करतात. जुन्या वाड्यांच्या दारांवर नोटिसा लागतात. इमारत दुरुस्त करा, नाही तर रिकामी करा, नाही तर उतरवून घ्या. नोटीस चिकटवली की आपली जबाबदारी संपली, असे पालिका धरून चालते. वर्षभर त्या घराकडे कोणी फिरकत नाही आणि पुढच्या मे महिन्यात तीच नोटीस नव्या तारखेने लागते. बहुतेक लहान गावांत शंभर-दीडशे वर्षांच्या घराच्या प्रकृतीविषयी सरकारदप्तरी असलेला हा एकमेव कागद. गड जगाच्या यादीत आणि गडाच्या मुलखातले गाव धोकादायक इमारतींच्या यादीत, अशी आपल्या वारशाची आजची वाटणी आहे.

वाईचे उदाहरण घेऊ. प्रतापगडाचा इतिहास वाईला वगळून सांगता येत नाही. वाईची सुभेदारी अफझलखानाकडे होती आणि १६५९ मध्ये प्रतापगडाखाली येण्यापूर्वी त्याचा तळ पडला होता तो वाईतच. आज पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरकडे, तिथून पुढे प्रतापगडाकडे जाणारा प्रवासी वाईत फार तर चहापुरता थांबतो. गाडीतून उतरून तो नदीकडे चालत गेला, तर एका नजरेत मावणार नाही इतके त्याला दिसेल. कृष्णेच्या काठाने एकापुढे एक घाट आहेत, घाटांवर देवळे आहेत, देवळांच्या मागे आळ्या आणि आळ्यांमध्ये वाडे आहेत. यातले काहीही सुटे उभे नाही. देऊळ घाटासाठी आहे, घाट आळीसाठी आहे आणि आळी नदीवर उतरते. किल्ल्याभोवती कुंपण घालता येते, दरवाजावर तिकीटखिडकी बसवता येते. अशा गावाला ते करता येत नाही. म्हणूनच त्याला कोणत्या चौकटीत बसवायचे हे आपल्या कायद्यांना अजून नीट उमगलेले नाही.

वाईचा ढोल्या गणपती सर्वांना ठाऊक आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये हे देऊळ बांधले. भाविक मूर्तीसमोर हात जोडून परततात. देवळाला वळसा घालून मागची बाजू पाहणारे थोडे. ती भिंत सरळ नाही. माशाच्या आकारासारखी ती निमुळती होत गेली आहे, म्हणजे पुराचे पाणी तिच्यावर आदळते आणि दोन्ही अंगांनी फाकून पुढे निघून जाते. नदीपात्राला खेटून देऊळ बांधणाऱ्याने पूर येईल हे गृहीत धरले होते आणि नदीला अडवण्यापेक्षा तिला वाट करून दिली होती. अडीचशेहून अधिक पावसाळे त्या भिंतीने काढले. आपण ज्याला भक्तिभावाने वारसा म्हणतो, त्यात एवढी व्यावहारिक अक्कल साठलेली असते. वारसा जपायचा म्हणजे ही अक्कलही जपायची. नाही तर देऊळ राहते आणि त्याच्या शेजारी आपण पाणी तुंबवणारी काँक्रीटची भिंत घालतो.

घाटांचेही तसेच. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही अशा आळ्यांच्या घाटांवर कृष्णाबाईचा उत्सव पाळीपाळीने होतो. शिवकाळातल्या अफझलखानाच्या संकटाशी परंपरा त्याचा संबंध जोडते. भाविकतेचा भाग बाजूला ठेवला तरी या उत्सवात एक शहाणी व्यवस्था दडलेली आहे. आपल्या घाटावर कृष्णाबाई बसणार म्हटल्यावर आळी घाट झाडते, पायऱ्यांवरचा गाळ काढते, निखळलेला चिरा कोणाच्या तरी डोळ्यांना टोचतो. देखभालीचे वेळापत्रक उत्सवाने ठरवून दिले आहे आणि त्यासाठी निविदा काढावी लागत नाही. नदीत सांडपाणी सोडण्याचा प्रश्न मात्र उत्सवाने सुटत नाही; तिथे पालिका आणि शासन यांनाच उत्तर द्यावे लागेल.

वाईपासून जवळच मेणवली. तिथे कृष्णेच्या काठी नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा आहे. त्याच्या भिंतींवरची चित्रे, त्याचा घाट आणि घाटावरची देवळे यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्या वाड्याने महाराष्ट्रावर केलेल्या सर्वांत मोठ्या उपकाराविषयी तितके बोलले जात नाही. नानांचे दप्तर या वाड्यात राहिले. उत्तर पेशवाईतल्या राजकारणाचा पत्रव्यवहार त्यात होता. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी हे मेणवली दप्तर मिळवले. त्यांच्या संग्रहासाठी साताऱ्यात संग्रहालय उभे राहिले आणि १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. नाना १८०० मध्ये वारले. त्यानंतर शतकभर ते कागद टिकले, कारण वरचे छप्पर टिकले. एका पावसाळ्यात कौले सरकली असती आणि कोणी वर चढले नसते, तर मराठ्यांच्या इतिहासातली कित्येक पाने आपल्याला वाचताच आली नसती. ज्या वाड्यांची छपरे राहिली नाहीत, त्यांच्याबरोबर काय काय गेले याचा हिशेब आता लागणार नाही.

मेणवलीच्या घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरलाही अशा पोर्तुगीज घंटा आहेत. वारसा म्हणजे केवळ आपल्याला सोयीच्या गोष्टींची बेरीज असती, तर या घंटेवरची आकृती केव्हाच घासून टाकली गेली असती. तसे झाले नाही. ती जिंकून आणलेली आहे हेही तिच्यावर स्पष्ट दिसते आणि ती कोणाची होती हेही. लढाई, लूट, श्रद्धा आणि ओतकामाचे कसब एकाच धातूत आहेत. आजच्या वातावरणात ही घंटा जशीच्या तशी टांगलेली असणे ही लहान गोष्ट नाही.

वाईचा तिसरा वारसा कोणत्याही पर्यटकाच्या छायाचित्रात येत नाही. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती यांनी इथे प्राज्ञपाठशाळा चालवली. गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन तरुण विनोबा शास्त्राध्ययनासाठी १९१७ मध्ये इथेच आले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथे शिकले आणि इथेच राहिले. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही हे दाखवण्याच्या कामी गांधीजींना येरवड्यात ज्यांची मदत झाली, त्यांत ते होते. ‘धर्मकोशा’चे काम वाईत झाले आणि मराठी विश्वकोशाचे कार्यालय मुंबई-पुण्याऐवजी या गावात आले ते तर्कतीर्थांमुळेच. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. संस्कृत पोथ्यांच्या गावात जगभरच्या ज्ञानाची मराठी नोंद झाली. जुनी वास्तू जिवंत राहते ती अशा वापराने. तिथे कोणी तरी येऊन बसले पाहिजे, वाचले पाहिजे, वाद घातला पाहिजे.

आता या गावाचा सध्याचा सर्वांत मोठा ग्राहक पाहा. तो म्हणजे हिंदी सिनेमा. ‘स्वदेस’मधले चरणपूर मेणवलीत उभे राहिले, ‘दबंग’मधले लालगंज वाईत. दोन्ही गावे पडद्यावर उत्तर प्रदेशातली. म्हणजे वाईचे घाट देशभरच्या प्रेक्षकांनी पाहिले, पण वाईचे म्हणून पाहिले नाहीत. यात रडण्यासारखे काही नाही. चित्रीकरणाने गावात पैसा येतो, खाणावळी आणि खोल्या चालतात, माणसांना काम मिळते. प्रश्न इतकाच आहे की ज्या घाटासाठी आणि ज्या वाड्यासाठी निर्माते लांबून येतात, त्या घाटाच्या आणि वाड्याच्या दुरुस्तीला या पैशातला किती भाग ठरवून, नियमाने जातो? भाडे ज्याचे त्याला मिळाले की विषय संपतो. दृश्य विकले जाते आणि दृश्याची देखभाल कोणाच्याच खात्यात पडत नाही.

देखभाल हाच या साऱ्या प्रश्नाचा गाभा आहे. वाडा एका रात्रीत पडत नाही. पडण्याची बातमी तेवढी एका रात्रीत होते. आधी एक कौल सरकते. पूर्वी पावसाळ्याआधी शाकारणी व्हायची, म्हणजे कौले उतरवून, फुटलेली बदलून, पुन्हा चळत लावायची. घरात माणसे कमी झाली, वर चढणारा गडी मिळेनासा झाला, मग एक वर्ष शाकारणी राहते. सरकलेल्या कौलातून आलेले पाणी वाशावर पडते, वाशावरून तुळईच्या टोकाशी जाते. तुळईचे टोक भिंतीत असते, तिथे ऊन लागत नाही, ओल हटत नाही. लाकूड आतून कुजते, वाळवी लागते. वरून कडीपाट शाबूत दिसतो, खांब तर सागवानी, तो काय होणार, असे सगळे म्हणत राहतात. दरम्यान पांढऱ्या मातीच्या भिंतीने पाणी पिऊन पोट काढलेले असते आणि दगडी जोत्याच्या सांध्यात पिंपळाने मुळे धरलेली असतात. अशी पाच-सात वर्षे गेली की एखाद्या श्रावणात माडी खाली येते. पहिल्या वर्षी हा सगळा प्रकार काही हजारांत मिटला असता. शेवटच्या वर्षी अंदाजपत्रक लाखांत जाते, कोणाच्या आवाक्यात राहत नाही आणि मग पालिकेची नोटीसच शहाणपणाची वाटू लागते.

दुरुस्ती होते तेव्हाही पुष्कळदा ती उपकारक नसते. जुने बांधकाम चुन्याचे. कळीचा चुना विरवायचा, वाळूबरोबर घाणीत मळायचा, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा असे काही घालायचे आणि मुरू द्यायचा. या चुन्याचा गुण असा की तो ओल घेतो आणि सोडतो. सिमेंट ओल आत अडकवते. जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की दोन वर्षे भिंत झकास दिसते. आत अडकलेले पाणी मग वाट शोधते, क्षार फुलतात, विटांचा भुगा होतो, दगडाचे पापुद्रे सुटतात. देवळांच्या कोरीव पाषाणावर तैलरंग फासणे हा याच चुकीचा भक्तिमार्गी प्रकार. करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण ‘जीर्णोद्धार’ या नावाखाली फरशा, स्टीलचे कठडे आणि झगझगीत रंग एकदा आले की मूळ काय होते हे पुढच्या पिढीला सांगूनही पटत नाही. चुना मळणारे गवंडी, जुना सांधा ओळखणारे सुतार अजून सातारा-वाई-भोरच्या पट्ट्यात सापडतील. त्यांना वर्षभर काम मिळेल अशी सोय झाली नाही, तर त्यांच्या मुलांनी ते काम उचलण्याचे कारण नाही.

या जागी वाड्याच्या मालकाला दोष देणे सोपे आहे. शहरातून येणारे वारसाप्रेमी तो देतातही. त्यांनी एकदा त्या मालकाच्या मिळकतपत्रिकेचा उतारा पाहावा. त्यावर पंधरा-वीस वारसांची नावे असतात. कोणी पुण्यात, कोणी मुंबईत, कोणी परदेशात, आणि राहणारे बहुधा एक म्हातारे जोडपे. तळमजल्यावर दुकाने आणि दोन-तीन भाडेकरू. भाडे इतके जुने की त्यात वर्षाचा चुनाही येणार नाही. सगळ्यांच्या सह्या जमल्याशिवाय बँक कर्ज देत नाही. जिना अंधारा आणि खडा, संडास परसात, गुडघे दुखणाऱ्या माणसाने रात्री उठायचे कसे? अशा वेळी विकसक येतो आणि प्रत्येक वारसाला एक सदनिका किंवा रोख रक्कम देऊ करतो. त्याच्या आधी जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन गेलेला असतो. कोरीव दरवाजा, महिरप, खांब, हंड्या यांचे भाव त्याने ऐकवलेले असतात. तो दरवाजा मग कुठल्या तरी महानगरातल्या हॉटेलच्या भिंतीवर ‘वारसा’ म्हणून शोभतो. ज्याच्या घरातून तो गेला, त्याला आपण वारसा विकला म्हणून हिणवायचे आणि ज्याने विकत घेतला त्याच्या रसिकतेचे कौतुक करायचे, हा न्याय बरा नव्हे.

कायद्याचे काय? कायदे पुष्कळ आहेत. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी १९५८ चा केंद्रीय कायदा आहे, राज्यासाठी १९६० चा वेगळा कायदा आहे. केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत नियंत्रण आले. हेतू चांगला, पण दाट वस्तीच्या गावात १०० मीटर म्हणजे अख्खी आळी. त्यामुळे ‘वारसा’ हा शब्द ऐकला की आपल्याला आता घरात न्हाणीघरही बांधता येणार नाही, अशी धास्ती लोकांना बसते आणि नोंद होण्याआधीच घर पाडून मोकळे होण्याची घाई सुटते. संरक्षणाच्या भीतीने वारसा नष्ट व्हावा, यापेक्षा मोठा विपर्यास नाही. शिवाय हे दोन्ही कायदे स्मारकांचे आहेत. ज्या घरात आजही चूल पेटते, त्या घराचे काय करायचे हे त्यांत नाही.

त्याचे उत्तर नगररचनेच्या कायद्यात आहे. मुंबईने १९९५ मध्ये वारसा इमारतींची नियमावली केली आणि इमारतींना तीन श्रेणी दिल्या. देशातला तो पहिला प्रयोग होता. राज्यातल्या इतर बहुतेक शहरांना २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यातही वारसा इमारती आणि परिसर यांच्या जतनाची तरतूद आहे. म्हणजे लहान नगरपालिकेचे हात बांधलेले नाहीत. तरतूद कामाला येते ती यादी केल्यावर, आणि घोडे अडते ते तिथेच. यादी करायची तर आळीआळीतून फिरावे लागते, मोजमापे घ्यावी लागतात, मालकाशी बोलावे लागते, हरकती ऐकाव्या लागतात आणि निवडणुकीच्या वर्षात त्याला नाराज करावे लागते. त्यापेक्षा नदीकाठ सुशोभीकरणाचा प्रस्ताव पाठवणे सोयीचे. त्यात कमान असते, विजेचे दिवे असतात, ‘आय लव्ह’ लिहून पुढे गावाचे नाव असलेली अक्षरे असतात आणि भूमिपूजनाचा फलक असतो. शाकारणीचे उद्घाटन होत नाही.

अहमदाबादचा दाखला नेहमी दिला जातो. ते शहर २०१७ मध्ये भारतातले पहिले जागतिक वारसा शहर ठरले. तिथे पोळांमधल्या, म्हणजे जुन्या मोहल्ल्यांमधल्या, लाकडी घरांच्या मालकांना न वापरलेले चटईक्षेत्र विकून दुरुस्तीचा पैसा उभा करण्याची मुभा आहे. मुंबई-पुण्यातही ‘टीडीआर’ची ही वाट माहीत आहे. पण ज्या गावात चटईक्षेत्राला गिऱ्हाईकच नाही, तिथे ही कागदी संपत्ती घेऊन मालकाने करायचे काय? लहान गावाने मोठ्या शहराची योजना उचलण्याऐवजी आपल्या अंगाचे काही शोधले पाहिजे. पणजीच्या फोंतेनियासमध्ये पावसाळा सरला की घर रंगवायचे, असा जुना रिवाज आहे. त्या वस्तीची रंगीत घरे पाहायला जग येते. पण ती शोभा वर्षाच्या वर्षाला केलेल्या साध्या कामाची आहे, हे पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

दोन आक्षेपांना इथे उत्तर द्यायला हवे. पहिला आक्षेप असा की हे वाडे कोणाचे? सरदारांचे, सावकारांचे, इनामदारांचे. गावातल्या मोठ्या वर्गाला ज्यांच्या ओसरीपर्यंतही जाता येत नव्हते, पाणवठ्याच्या वेगळ्या पायऱ्या ज्यांना नेमून दिल्या होत्या, त्यांनी या वास्तूंसाठी का हळहळावे? आक्षेप खरा आहे आणि तो टाळून वारशाची गोष्ट करता येणार नाही. त्याचे उत्तर वाडे पाडून मिळत नाही; यादी रुंद करून मिळते. गावाच्या वारशात कुंभारवाडा येतो, कासारांची आळी येते, मशीद आणि दर्गा येतो, बाजारपेठेतली फळ्यांची दुकाने येतात, वेशीबाहेरची विहीर आणि ती वेशीबाहेर का होती याचा इतिहासही येतो. रास्त्यांचे नाव भिंतीवर राहिले. तो पाषाण ज्यांनी घडवला त्या पाथरवटांचे राहिले नाही. भिंत उभी असली तर निदान त्यांच्या हाताची खूण दाखवता येते. आणि वाडा जर वाचनालय झाला, अभ्यासिका झाला, पाळणाघर झाला, तर ज्या उंबऱ्यावर पूर्वी अडवले जात होते तो उंबरा सर्वांसाठी मोकळा होतो. रूढीच्या विरोधात शास्त्र वाचून दाखवणारी माणसे याच गावातल्या पाठशाळेत तयार झाली, हे विसरू नये.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. पावसाळ्यात जुनी भिंत कोसळून माणसे दगावतात. कोणतीही महिरप एका जिवापेक्षा मोलाची नाही आणि जिथे इमारत खरोखर वाचण्यापलीकडे गेली आहे तिथे ती उतरवलीच पाहिजे. धोकादायक इमारतींची यादी म्हणूनच आवश्यक आहे. आमचे म्हणणे इतकेच की धोका हा निदानाचा पहिला शब्द असावा, शेवटचा नव्हे. नोटीस देणारा अभियंता घराबाहेरून पाहून जातो. कोणती तुळई बदलली तर मजला सुरक्षित होईल, हे तो सांगत नाही, कारण ते सांगणे त्याच्या कामात मोडत नाही. त्यामुळे सुरक्षितता आणि जतन या एकाच दुरुस्तीच्या दोन बाजू असताना आपल्या कारभारात त्या एकमेकींच्या वैरिणी झाल्या आहेत.

मग करायचे काय? बारा किल्ल्यांच्या जतनाला शासनाने पैसा द्यावा, तो कमीच पडेल. पण त्याच्या एका लहान अंशात गावांसाठी एक शाकारणी निधी उभा राहू शकतो. मोठी अनुदाने नकोत. पावसाळ्याआधी कौले, पन्हळी, तुळयांची टोके आणि भिंतीतली झाडे एवढ्याच कामासाठी, मालकाने निम्मा वाटा उचलायचा या अटीवर, लहान रक्कम वेळेवर मिळावी. मार्चअखेरीस मंजूर होऊन ऐन पावसात खर्च होणारा पैसा या कामाचा नव्हे. जो मालक घर राखतो आणि त्यात राहतो, त्याला मालमत्ता करात सवलत असावी. दर्शनी भाग, चौक आणि लाकडी सांगाडा राखून आत संडास, न्हाणीघर, वीज आणि सोपा जिना करायला परवानगी एका खिडकीवर मिळावी; जुन्या घरात राहणे ही शिक्षा वाटली, तर ते कोणी राखणार नाही. चित्रीकरणाच्या परवान्यातून ठरावीक वाटा घाट आणि आळी यांच्या देखभालीच्या स्वतंत्र खात्यात जावा. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत चुनाकाम आणि जुने लाकूडकाम शिकवावे, शिकवणारे म्हणून त्याच पट्ट्यातले जुने गवंडी आणि सुतार नेमावेत. राज्य संरक्षित स्मारके दत्तक देण्यासाठी शासनाची ‘महाराष्ट्र वैभव’ योजना २००७ पासून आहे. तिच्या धर्तीवर बिगरसंरक्षित घाट आणि विहिरी गावातल्याच संस्थांना, मंडळांना, बँकांना जपायला देता येतील.

संविधानाच्या अनुच्छेद ५१क ने आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जतन करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हटले आहे. नागरिकाने कर्तव्य करावे असे वाटत असेल, तर ते करणे त्याला परवडेल अशी व्यवस्था करणे हे कारभाऱ्यांचे कर्तव्य ठरते.

यातले सगळे उद्या होणार नाही. एक गोष्ट मात्र याच वर्षी होऊ शकते. आजपासून मृग नक्षत्र सात आठवड्यांवर आहे. पालिकांचे कर्मचारी धोकादायक इमारतींच्या यादीसाठी येत्या महिन्यात आळीआळीतून फिरणारच आहेत. तिथे राज्यातल्या प्रत्येक जुन्या गावाच्या नगरपालिकेने त्या यादीत दोन रकाने वाढवावेत. पहिला, ही वास्तू राखण्याजोगी आहे काय? दुसरा, कोणती दुरुस्ती केली तर ती वाचेल? पहिल्यासाठी गावातला एखादा इतिहासाचा शिक्षक बरोबर घ्यावा, दुसऱ्यासाठी एखादा जाणता गवंडी. एवढ्याने वाडे वाचतील असे नाही, पण कोणता वाडा का गेला याचा जबाब तरी कोणाला तरी द्यावा लागेल. बारा किल्ल्यांची नावे जगाच्या यादीत जाण्यासाठी पॅरिसपर्यंत जावे लागले. या दोन रकान्यांसाठी नगरपालिकेच्या सभेतला एक ठराव पुरेसा आहे, आणि तो मे महिन्याच्या आत होऊ शकतो.